मूर्खलक्षणांची वाक्यरचना

दासबोधाच्या दुसऱ्या दशकावर 'लक्षणांची जंत्री' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. पहिल्या समासात लक्षणांचा क्रम सैल आहे व पुनरुक्तीही आहे. तथापि या जंत्रीची वाक्यरचना पाहिली असता उपदेशाचा एक मूलभूत प्रश्न रामदासांनी (१६०८–१६८१) कसा हाताळला, हे ध्यानात येते. ज्यास उपदेशाची गरज असते, तोच बहुधा तो घेण्यास नाखूष असतो.

पहिल्या समासात लक्षणे प्रायः 'जो–तो' या संबंधी रचनेत येतात. मूर्ख तृतीयपुरुषी आहे. श्रोत्यास कोणी मूर्ख म्हणत नाही. आत्मस्तुती करणारा मूर्ख ठरतो, आणि तो आपणच की काय, हे श्रोत्याने मनाशी ठरवावयाचे असते. समासाच्या अखेरीस हे सारे त्यागासाठी सांगितले, असे म्हणून कवी क्षमाही मागतो. दुसऱ्या समासात रचना पालटते. तेथे 'नये'युक्त निषेध आहेत. या रचनेत कर्ता तृतीयेत असल्याने सहज गाळता येतो. आज्ञा राहते, पण बोट कोणाकडेच रोखलेले नसते. त्यातही प्रारंभीचा निषेध वाट न विचारता जाण्याविषयी आहे, हे सूचक होय. विचारण्याची तयारी हीच शहाणपणाची पहिली पायरी.

मग दहावा समास पढतमूर्खाचा कशासाठी? सद्विद्या व विरक्त यांच्या निरूपणानंतर, दशकाच्या शेवटी तो योजिला आहे. 'पढणे' हा संस्कृत 'पठ्'पासून आलेला धातू. 'पढवलेला पोपट', 'पढवलेला साक्षीदार' या प्रयोगांत त्यास अर्थ न पचविता उच्चारण्याची छटा चिकटली आहे; 'शिकणे' या धातूस ती नाही. रामदासांचा पढतमूर्ख बहुश्रुत आहे, ब्रह्मज्ञानही स्पष्ट बोलतो. पण दुराशा व अभिमान सोडीत नाही. त्याच्यापाशी ज्ञानाची वाण नाही. ऐकलेले स्वतःस लावून पाहण्याची तयारी मात्र नाही. येथेही श्रोत्यांनी दुःख मानू नये, अशी विनंती आहे. जाणत्याचा अभिमान अधिक हळवा, हे कवीस ठाऊक असावे.

सारांश, पहिला समास अजाणास उद्देशून आहे, तर दहावा त्यावर टीका लिहिणाऱ्यांस. प्रस्तुत लेखकाने तृतीयपुरुषी 'तो' याचे व्याकरण येथवर सांगितले. त्या 'तो'च्या जागी स्वतःस ठेवून पाहणे हे व्याकरणाबाहेरचे काम आहे, आणि ते अभ्यासकासही चुकत नाही.