कृत्तिकांची पूर्व दिशा

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) ह्या ग्रंथाविषयीं आम्हांस नितान्त आदर आहे. म्हणूनच त्यांतील एका प्रसिद्ध अनुमानाची परीक्षा करणें अवश्य वाटतें. शतपथब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडांत, अग्न्याधान कृत्तिकांवर कां करावें हें सांगतांना, कृत्तिका पूर्वेपासून च्युत होत नाहींत, इतर नक्षत्रें होतात, असें म्हटलें आहे. क्रियापद वर्तमानकाळीं आहे. सबब हें प्रत्यक्ष पाहिलेल्याचें वर्णन होय, आणि कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तो काळ इ. स. पूर्वी सुमारें ३००० वर्षें, असा दीक्षितांचा निर्णय.

गणितांत चूक नाहीं. प्रश्न गणितापूर्वींचा आहे. पाहणाराची ‘पूर्व’ किती अंशांची होती? अयनचलनामुळें त्या काळीं कृत्तिकांची क्रान्ति सुमारें १८० वर्षांत एक अंश बदलत होती. उघड्या डोळ्यांस दोन अंशांचा फरक जाणवला नसेल, असें धरलें तरी दोहों बाजूंचा मिळून सुमारें सातशें वर्षांचा अवकाश पडतो. तो आंकड्याशेजारीं लिहिला असता तर निर्णय दुर्बळ झाला नसता. त्याचें बळ कोठवर आहे तें कळलें असतें.

शिवाय हें वाक्य विधि नव्हे, अर्थवाद आहे. मीमांसकांच्या परिभाषेंत दीक्षित ह्यास अनुवाद मानतात. पण अनुवाद कोणाच्या प्रत्यक्षाचा? ब्राह्मणकाराच्या, कीं त्याच्या पूर्वजांच्या? परंपरेनें आलेल्या वाक्यांतहि वर्तमानकाळ टिकून राहतो.

परपक्षाचें तरी काय? विंटरनिट्झ यांनीं आपल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासांत, कृत्तिका रात्रीं बराच वेळ पूर्वभागीं दिसत, असा अर्थ करून इ. स. पूर्वी ११०० च्या सुमाराचा काळ पुढें मांडला. ‘पूर्व’ शब्द इतका सैल केल्यावर असा नेमका काळ हातीं कसा लागतो, हें आम्हांस उमगत नाहीं. एकास वेद प्राचीन हवे, दुसऱ्यास ते फार प्राचीन नकोत, असा संशय येतो. परकीयांचा पूर्वग्रह आम्हांस चटकन् दिसतो. प्रस्तुत लेखकानें मात्र वर्गांत पुष्कळ वर्षें ३००० हा आंकडा निःशंक सांगितला. पटला म्हणून नव्हे, आवडला म्हणून.

कात्यायन-शुल्बसूत्रांत शंकूच्या छायेवरून प्राची साधण्याची रीति आहे. ती शतपथकाळींहि प्रचलित होती असें दाखवितां आल्यास दीक्षितांचा पक्ष बळावेल व वरील अवकाश आकुंचित होईल. तोंपर्यंत ३००० ह्या आंकड्यापुढें ‘पूर्व दिशा अचूक धरल्यास’ एवढे शब्द लिहिले जावेत.