जाड, गोल आणि तिरपं

माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा स्वागताचे फ्लेक्स लागतात. त्यांवरचं अक्षर बहुधा एकाच वळणाचं: जाड, कडा गोल, उजवीकडे झुकलेलं.

या घराण्यातला आम्हाला आवडणारा फाँट म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू'. त्याची भावंडं पाहा: गुजराती 'बालू भाई', बंगाली 'बालू दा', पंजाबी 'बालू पाजी'! अक्षर गुबगुबीत, पण पोटातली पोकळी राखलेली. पोरांच्या पुस्तकावर, खाऊच्या दुकानावर ते शोभतं.

पण तो मुळात उभा आहे. त्याला तिरपा करतो फ्लेक्सवाला, संगणकावर ओढून. रोमन लिपीतलं तिरपं अक्षर १५०१ साली व्हेनिसला आल्डुसच्या छापखान्यात पुस्तकात उतरलं, ते हाताच्या लेखनावरून. त्याची घडणच वेगळी. आपल्याकडे शिरोरेघ आडवीच राहते, काना तेवढा कलतो. वरून भोवती पांढरी, लाल कडा. आता 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला भेद मुख्यतः शिरोरेघेतल्या फटीवर उभा. ती बुजली की 'भात' वाचायचा की 'मात'? जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या आम्हाला हा भेद पुसलेला सोसत नाही.

वळणदार लिहिण्याला आमचा विरोध नाही हो. मोडीत आधी आडवी रेघ ओढत, मग बोरू फारसा न उचलता लिहीत. त्या वळणात हाताची गती होती.

फ्लेक्सवर पुढाऱ्याचं नाव खुशाल तिरपं करा. पण खाली पाण्याच्या टँकरची, दवाखान्याची जागा लिहिलेली असते आणि ती दमलेली म्हातारी वाचते. 'बालू २' पाच जाडींत मिळतो. त्यातली मधली घ्या, आणि अक्षर उभंच ठेवा.