काकासाहेबांचे पाणी

काकासाहेब कालेलकरांचे चरित्र वाचणाऱ्यास प्रथम खटकते ती अस्थिरता. १८८५ साली साताऱ्यात जन्म. मग 'राष्ट्रमत' दैनिक, बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयातील अध्यापन, १९१२ मधील हिमालयाची पायी भ्रमंती, शांतिनिकेतन, साबरमती, गुजरात विद्यापीठ, अधूनमधून कारावास आणि १९५२ ते १९६४ राज्यसभा. एवढे उद्योग पालटणाऱ्या या गृहस्थाची एक ओढ मात्र पालटली नाही. बालपणी कारवारला भेटलेला समुद्र त्यांच्या गद्यात अखेरपर्यंत गाजत राहिला.

नद्या, धबधबे आणि समुद्र यांवरील 'जीवनलीला' हे पुस्तक त्यांनी लिहिले ते गुजरातीत. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. मराठीने हा शैलीकार गमावला, असे कोणी म्हणेल. परंतु निजामाच्या काळात कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू आणि देवघरात मराठी बोलत आलेल्या आदिलाबादच्या घरांस ते दुःख तितकेसे पटणार नाही.

उणीव आहे ती निराळी. त्यांचा समुद्र दर्शनास आलेल्या भक्ताचा आहे. लाटा, क्षितिज, भरतीचा उल्हास यांत ते रमतात. पाण्यावर पोट असणाऱ्या कोळ्याची भीती त्यांच्या लेखणीला क्वचितच शिवते.

'दक्षिणगंगा गोदावरी' या लेखात मात्र हीच भक्ती उपकारक ठरली आहे. राजमहेंद्रीचे ते विशाल पात्र त्यांनी आगगाडीतून पाहिले. आपल्या पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता यांच्या वाटेने त्याच पात्रात जाते. समुद्र न पाहिलेल्या आपल्याकडील वाचकाने आरंभ या लेखापासून करावा.