बोबो डॉल ते बालगोविंदा : बांडुराचा सिद्धांत आपण अर्धाच वाचतो का?



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या काही जणांचे संशोधन आराखडे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. विषय मुलांच्या वर्तनाचा असला की सैद्धांतिक पार्श्वभूमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘बांडुराच्या मते मुले जे पाहतात तेच करतात.’ त्यानंतर बोबो डॉलवर एक परिच्छेद, मग अवधान, धारणा, पुनरुत्पादन आणि प्रेरणा या चार पायऱ्या, आणि लगेच पालकांसाठीची प्रश्नावली.

मी तुम्हाला हसत नाहीये. माझ्या पहिल्या आराखड्यातही हेच वाक्य होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे बांडुरा कुठे म्हणतो, दाखव.” मला दाखवता आलं नाही. कारण तो तसं म्हणतच नाही. उलट, त्याच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रयोगाचा निष्कर्ष या वाक्याच्या बरोबर विरुद्ध जातो.

आजच्या लेखात दोन गोष्टी बघू. आपण बांडुराचं काय वाचायचं सोडतो, आणि पूर्ण वाचला तरी तो कुठे कमी पडतो. उदाहरण घेऊ आपल्या लालबाग-परळ-दादरचं, दहीहंडीचं.

१९६१ सगळ्यांना पाठ, १९६५ कुणालाच नाही

१९६१ चा प्रयोग तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडक्यात उजळणी करू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं, ३६ मुलगे आणि ३६ मुली, साधारण तीन ते सहा वर्षांची. २४ मुलांनी एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवताना पाहिलं, २४ मुलांनी शांतपणे खेळणारा माणूस पाहिला, उरलेल्या २४ मुलांना कुणीच दाखवलं नाही. पुढे खेळायला सोडल्यावर पहिल्या गटातल्या मुलांनी बाहुल्याला जास्त मारलं, तेही पाहिलेल्याच पद्धतीने. आपले आराखडे इथेच थांबतात.

१९६५ मध्ये बांडुराने पुढचं पाऊल टाकलं. ६६ मुलांना एक छोटी फिल्म दाखवली. फिल्म एकच, फक्त शेवट तीन वेगवेगळे. एकात मारणाऱ्याला बक्षीस मिळतं, दुसऱ्यात शिक्षा होते, तिसऱ्यात काहीच होत नाही. शिक्षेचा शेवट पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केलं, आणि मुलींनी तर फारच कमी. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच झालं.

पण त्यानंतर सगळ्या मुलांना सांगितलं गेलं, ‘त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवलंस तर बक्षीस मिळेल.’ बक्षीस होतं स्टिकर आणि ज्यूस. आणि तिन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला! म्हणजे शिक्षा पाहिलेली मुलंही सगळं शिकलेली होती. ती फक्त करत नव्हती.

आता हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : शिकणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. निरीक्षणातून शिकणं होतं. ते वर्तनात उतरेल की नाही, हे प्रबलन, म्हणजे बक्षीस, आणि शिक्षा बऱ्याच अंशी ठरवतात. ‘मुले जे पाहतात तेच करतात’ या वाक्यात हा फरकच गडप होतो.

चाळीच्या गॅलरीतले तीन थर

हे पुस्तकात पटलं तरी मला खऱ्या अर्थाने समजलं ते परळच्या आमच्या चाळीत. बरीच गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू करतात. मग रोज रात्री कामावरून आलेली पोरं मैदानात किंवा गल्लीत जमतात, आणि चाळीतली बारकी मुलं जेवण अर्धं टाकून कठड्याला चिकटतात.

एका रविवारी दुपारी पाच-सहा मुलं आमच्याच गॅलरीत थर लावत होती. सगळी पहिली-दुसरीतली. खालच्या तिघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून माना आत घेतल्या होत्या. वरची मुलगी चढण्याआधी खालच्याच्या मांडीवर पाय देऊन अंदाज घेत होती. सगळ्यात वरच्याने एक हात सोडून सलामी दिली आणि थर गडबडले. पण पडताना त्यांनी एकमेकांना सोडलं नाही, आणि बाजूला उभ्या दोघांनी हात वर धरले होते. म्हणजे वर चढायचं कसं एवढंच नाही, पडणाऱ्याला झेलायचं कसं हेही त्यांनी पाहून उचललं होतं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बक्षीस नव्हतं. आरडाओरडा ऐकून एका आजींनी मात्र लाटणं दाखवलं, तो भाग शिक्षेचा समजा! दुसऱ्या दिवशी गॅलरी शांत होती. मुलं विसरली होती का? अजिबात नाही. थर जिन्याखाली लागत होते, जिथून आजींना दिसत नाही.

आता कायद्याकडे बघू

दहीहंडीत मुलांचा प्रश्न हा खेळाचा नाही, जिवाचा आहे. मनोऱ्याची रचनाच अशी आहे की सगळ्यात वर जितकं हलकं माणूस, तितका खालच्यांवरचा भार कमी. म्हणून प्रत्येक पथकाची नजर लहान मुलाकडे जाते. पडलं तर सगळ्यात उंचावरून तेच पडणार.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायला मनाई केली आणि उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बंधनं लागू ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर मर्यादा घालायला नकार दिला, आणि १४ वर्षांखालच्या मुलांना सहभागी करून घेणार नाही हे राज्य सरकारचं म्हणणं मान्य केलं.

बांडुराच्या भाषेत याचा अर्थ काय? वयाची अट ही ‘करून दाखवण्यावर’ घातलेली अट आहे. ‘शिकणं’ त्याच्या कितीतरी आधी, पाच-सहाव्या वर्षीच, कठड्यावर उभं राहून सुरू झालेलं असतं. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ती हवीच, कारण इजा करण्यातून होते, शिकण्यातून नाही. पण बंदी आली म्हणजे मुलांच्या डोक्यातून थर गेले, असं कुणी संशोधनात लिहिलं तर ते चूक ठरेल.

आणि दुसऱ्या बाजूचं प्रबलन बघा. हंड्यांची बक्षिसं लाखांत गेली. सरावाच्या क्लिप फोनवर फिरतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, २०२३ पासून प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी, विम्यासाठी या गोष्टींचा उपयोग आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहा. त्याला दिसतं ते टाळ्या, टीव्ही आणि टी-शर्ट. ‘१४ वर्षं थांब’ हे त्याला ऐकू येतं, दिसत नाही. बांडुराला विचारलंत तर तो सांगेल की दुसऱ्याला मिळालेलं बक्षीस पाहूनही प्रेरणा वाढते. एकीकडे अट आणि दुसरीकडे बक्षीस, अशी ही रस्सीखेच आहे. माझ्या मते अभ्यासाचा खरा विषय हा आहे, आणि तो प्रश्नावलीत येत नाही.

मुलींचं उदाहरणही इथे घेण्यासारखं आहे. १९६५ मध्ये मुलींनी कमी करून दाखवलं, पण बक्षीस ठेवल्यावर त्या मुलग्यांच्या बऱ्याच जवळ आल्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुली गॅलरीतून पाणी ओतत थर बघत राहिल्या. आज मुंबईत महिलांची पथकं थर लावतात, दादरच्या आयडियलच्या गल्लीत त्यांना बघायला गर्दी होते. पुराव्यादाखल हे पुरेसं नाही, पण एवढं नक्की सुचवतं : ‘मुली करत नाहीत’ यावरून ‘मुली शिकल्या नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका.

बांडुरा कुठे कमी पडतो?

आता टीका बांडुरावर. त्याच्या प्रयोगावर जुना आक्षेप असा की बोबो डॉल हे मुळात मारण्यासाठीच बनवलेलं खेळणं आहे, मारलं की ते पुन्हा उभं राहतं. अनोळखी खोलीतल्या मुलाने मोठ्यांचं बघून ते मारलं, तर ती आक्रमकता म्हणायची की ‘इथे असं खेळतात वाटतं’ ही समजूत? हा आक्षेप मला योग्य वाटतो.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. बांडुराचं मूल प्रेक्षक आहे. ते एकटं बसतं, पाहतं, मग दुसऱ्या खोलीत जाऊन करतं. चाळीतलं मूल असं प्रेक्षक नसतं. सरावाला ते पाण्याच्या बाटल्या नेऊन देतं, चपला सांभाळतं, ‘बोल बजरंग बली की’ला ‘जय’ ओरडतं, काकाच्या खांद्यावर बसून दोन थरांची मजा घेतं. पाहणं आणि करणं यांच्यात इथे भिंतच नाही. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजाच्या अभ्यासातून हेच मांडलं, की मोठ्यांच्या कामात मुलं आजूबाजूला असतात, बघतात आणि जमेल तेवढा हात लावतात, त्यातूनच शिकतात. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात नवशिक्याचं कडेकडेने आत येणं मांडलं. दहीहंडीला ही मांडणी जास्त फिट बसते.

फरक फक्त शब्दांचा नाही. प्रेक्षक मुलासाठी उपाय सोपा असतो, दृश्य बंद करा. सहभागी मुलासाठी तो उपाय चालत नाही, कारण ते मूल त्या गटातलंच आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे होतात, वर लहान मूलच चढतं, आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेची नोंद घेतली. २००६ मध्ये तिथे एका लहान मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. त्यांनी मुलाला गटात ठेवलं आणि गटाची पद्धत बदलली. आपण मुलाला नियमाने बाहेर ठेवतो आणि कठड्यावर उभं करतो. कोणतं बरोबर, हा वादाचा मुद्दा आहे. मला स्वतःला अटही हवी वाटते आणि हेल्मेट, दोर, गाद्याही. पण दोन्ही उपायांमागे मूल कसं शिकतं याबद्दलचं वेगळं गृहीतक आहे, हे संशोधकाला दिसलं पाहिजे.

मग तुमच्या आराखड्यात काय बदलायचं?

१. ‘शिकणं’ मोजताय की ‘करणं’, हे उद्दिष्टातच स्पष्ट लिहा. ‘आपला पाल्य टीव्हीतल्या कृतींचे अनुकरण करतो का?’ या प्रश्नाने फक्त पालकांना दिसलेलं करणं कळतं. जिन्याखालचे थर त्यात येत नाहीत.

२. शिकणं मोजायचं असेल तर बांडुराचीच युक्ती वापरा, सगळ्या मुलांना दाखवण्याची सारखी संधी आणि सारखं कारण द्या. अर्थात संशोधनासाठी मुलाला थरावर चढवता येणार नाही, कुठलीही नीतिसमिती ते मान्य करणार नाही आणि करूही नये. पण मातीच्या बाहुल्या देऊन ‘थर लावून दाखव’ असं सांगता येतं. कोण खाली, कोण वर, झेलणारे कुठे, वरच्याला दोर आहे का, हे सगळं मूल मांडून दाखवेल. जोखीम शून्य, आणि माहिती मात्र भरपूर.

३. मूल त्या प्रसंगात प्रेक्षक आहे की सहभागी, हे आधी निरीक्षणाने ठरवा. सहभागी असेल तर बांडुरा एकटा पुरणार नाही.

४. मूळ निबंध वाचा. गाईड रेघ मारायच्या आधी स्वतःच मारा.

हा बाहुल्यांचा प्रयोग मी अजून औपचारिकपणे केलेला नाही. पण आमच्या गॅलरीतल्या त्या टोळीला सहज माती दिली होती. त्यांनी चार थर लावले, बाजूला झेलणारेही उभे केले. वरच्या बाहुलीला दोर मात्र कुणीच बांधला नाही. कदाचित मातीला दोर बांधणं अवघड म्हणून. कदाचित त्यांनी तो कधी पाहिलाच नसेल म्हणून. हे दोन्ही अर्थ वेगळे कसे करायचे, यावर विचार करा. तुमचा पुढचा संशोधन प्रश्न कदाचित तिथेच आहे.