‘सुख’ कोणाला, ‘हक्क’ कोणाचा? : आगरकरी इहवादाच्या वाक्यरचनेविषयी

गोपाळ गणेश आगरकर यांचे दोन उद्योग १८८८ या एकाच सालातले आहेत. त्या साली त्यांचा वाक्यमीमांसेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच साली ऑक्टोबरात ‘सुधारक’ पत्र निघाले. पहिल्याची नोंद व्याकरणाच्या इतिहासात होते, दुसऱ्याची समाजसुधारणेच्या. आणि हे दोन इतिहास लिहिणारी मंडळी सहसा निराळी असल्यामुळे या दोन उद्योगांची गाठ घालून देण्याचे कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्याने त्याला तो मोह आवरला नाही. वाक्यात उद्देश्य कोणते व विधेय कोणते हे विचारण्याची ज्याला सवय जडली आहे, तो मनुष्य धर्म, कायदा आणि लोकांचे सुख यांविषयीच्या वादात शिरला म्हणजे काय करतो आणि कोठे थांबतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. धर्मसंस्थेच्या आधारावाचून सार्वजनिक नीती व राज्यव्यवहार ठरवावा, या मताला ‘सेक्युलॅरिझम’ हे नाव जॉर्ज जेकब होलिओक याने १८५१ मध्ये दिले. हा गृहस्थ १८४२ मध्ये धर्मनिंदेबद्दल सहा महिन्यांची शिक्षा भोगून आलेला होता. तरीही नाव ठरविताना त्याने नास्तिक्याचा अर्थ मुद्दाम दूर ठेवला आणि ‘या काळाचे, या जगाचे’ असा अर्थ असलेला लॅटिन कुळातला शब्द उचलला. मराठीत त्याला प्रतिशब्द पुष्कळ झाले : ऐहिक, इहवादी, निधर्मी, धर्मातीत, धर्मनिरपेक्ष. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला, तेव्हा हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ व मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ असा फरक पडला. त्या फरकावर मते मांडणाऱ्यांची आजही वाण नाही. परंतु निधर्मी, धर्मातीत व धर्मनिरपेक्ष या तिन्ही शब्दांचा घाट पाहिला, तर तिन्हींत मुख्य पद धर्म हेच आहे. उरलेला अंश फक्त अंतर सांगतो. भावाशी अबोला धरलेल्या माणसाने दिवसभर भावाचेच गाऱ्हाणे सांगत बसावे, तसा हा प्रकार आहे. राज्याने धर्मापासून किती दूर उभे राहावे हे या शब्दांतून कळते. दूर उभे राहून करावयाचे काय, हे कळत नाही. ‘इह’ या पदात निदान कामाची जागा तरी सांगितलेली आहे. म्हणून येथे ‘इहवाद’ हाच शब्द पत्करला आहे.

आता १८९१ कडे वळू. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे विवाहित मुलीच्या बाबतीत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूबद्दल तिच्या प्रौढ नवऱ्यावर खटला झाला. मुलीने दहा वर्षे ओलांडली असल्यामुळे बलात्काराचा आरोप कायद्याने टिकू शकला नाही; त्याला किरकोळ कलमाखाली शिक्षा झाली. पुढल्या वर्षी मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक मंजूर झाले. त्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते सर्वश्रुत आहे. आगरकर विधेयकाच्या बाजूने होते.

या वादातील विरोधी पक्षाचे जे लाडके विधान, ते भाषिक दृष्टीने मोठे मनोरंजक आहे. मराठीत धर्म पाळतात, आचरतात. पण तो बुडतो आणि बाटतोही. बुडणे व बाटणे ही अकर्मक क्रियापदे आहेत आणि त्यांचा कर्ता धर्म. ‘हा कायदा झाला तर धर्म बुडेल’ या वाक्याचे पृथक्करण करावे : उद्देश्य धर्म, विधेय बुडणे, निमित्त कायदा. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्ण आहे. त्यात काही अध्याहृत नाही. मुलगी त्यात कोठेच नाही, आणि तिची उणीव वाक्याला भासतही नाही. टिळकांच्या विरोधाचा रोख याहून निराळा होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परकी सरकारने कायद्याने समाजात हात घालू नये हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मुलीचा विवाह सोळाव्या व मुलाचा विसाव्या वर्षाआधी करू नये, असे बंधन इच्छुकांनी स्वतः होऊन घालून घ्यावे, अशी सूचनाही त्यांनी १८९० मध्ये केली होती. तथापि त्यांच्या मुद्द्यातही कर्ता सरकार आणि कर्म समाज. अकरा वर्षांच्या मुलीला तेथेही जागा मिळत नाही.

आगरकरांनी केले ते असे की, त्यांनी या वाक्यात चतुर्थी घातली. अमुक रूढीने कोणाला काय होते, हा त्यांचा प्रश्न केशवपनाच्या चर्चेत आहे, सोवळ्याच्या चर्चेत आहे आणि स्त्रियांच्या पोशाखासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयातही आहे. मिल व स्पेन्सर यांचा संस्कार येथे उघड दिसतो, परंतु तो सांगून भागत नाही. सुखदुःखाचा हिशेब शास्त्रवचनाऐवजी माणसाच्या अंगावर मांडावयाचा, आणि तोही पुण्यातल्या वाचकाला त्याच्याच घरातील माणसे दाखवून मांडावयाचा, ही धिटाई पुस्तकातून येत नाही. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधात ते देवकल्पनेची उपपत्ती सांगतात, तीही बहुधा याच कामासाठी : ज्या कर्त्याच्या नावाने वाक्य चालते, तो कर्ता कोठून आला हे पाहण्यासाठी.

या पद्धतीचा वारसा पुढेही चाललेला दिसतो. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर महाराष्ट्रात प्रथम वटहुकूम व त्याच वर्षी डिसेंबरात जो कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मात्र नाही. कायद्याच्या अनुसूचीत कृत्ये आहेत : भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधून ठेवणे, असल्या गोष्टी. उलट प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना तो स्पष्टपणे वगळतो. येथे प्रश्न कोणी काय मानावे हा नसून कोणाला काय केले हा आहे. ‘धर्मावर घाला’ हे जुने वाक्य या विधेयकाच्या वाटेतही वर्षानुवर्षे उभे होते, यात नवल नाही.

येथपर्यंत आगरकरांचे ऋण मान्य करून आता आक्षेपाकडे यावयाचे आहे. ‘सुख’ या शब्दाबरोबर मराठीत कोणती क्रियापदे येतात? सुख होते, वाटते, लाभते, मिळते. ज्याला ते होते तो चतुर्थीत उभा असतो. तो अनुभव घेणारा आहे, करणारा नव्हे. आगरकरांच्या चतुर्थीने विधवेला व बालवधूला वाक्यात आणले हे खरे, पण आणून बसविले ते ‘ला’ प्रत्ययाच्या जागी. त्यातून दोन अडचणी निघतात.

पहिली अडचण अशी की, सुखाचा साक्षीदार ज्याचा तोच असतो. भूतानने सकल राष्ट्रीय सुखाची कल्पना धोरणात आणली. २०१२ पासून जागतिक सुख अहवाल निघतात. २०१६ मध्ये मध्य प्रदेश सरकारने आनंद विभागच काढला. या अहवालांचा मुख्य आधार एक प्रश्न आहे : शून्यापासून दहापर्यंतच्या शिडीवर आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे, हे माणसाने सांगावयाचे. प्रश्न सरळ आहे. पण असेल त्यात समाधान मानावे, ही शिकवण ज्या घरात मुलीला पाळण्यापासून मिळते, तेथे ती कोणती पायरी सांगेल? ‘आनंद’, ‘सुख’ आणि ‘समाधान’ यांत मराठी बोलणारा भेद करतो तो उगाच नव्हे. समाधान ‘मानावे’ लागते, त्याला प्रयत्न लागतो, आणि हा प्रयत्न ज्याच्या वाट्याला कमी आले त्यालाच सांगितला जातो. आगरकरांना याची जाणीव नव्हती असे नाही. अंगवळणी पडलेल्या दास्यावर त्यांनी केलेले प्रहार त्या जाणिवेतूनच आलेले आहेत. परंतु त्यावरील त्यांचा उपाय शिक्षण आणि विवेक हा होता. म्हणजे आधी माणूस शहाणा व्हावा, मग त्याचे सुख खरे धरावे. तोपर्यंत त्याच्या वतीने कोणी बोलावयाचे, याचे उत्तर त्यांच्याकडे ‘सुधारकाने’ असेच निघते.

दुसरी अडचण बेरजेची आहे. महाडचे चवदार तळे घ्यावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मांडून मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला कोणी शिवले नाही. त्या तीन वर्षांत गावात शांतता होती. सुखाची बेरीज मांडणाऱ्याने तेव्हा महाडास जाऊन पाहणी केली असती, तर तक्रारीचे कारण त्याला क्वचितच आढळले असते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व त्यांच्याबरोबरचा समुदाय तळ्याचे पाणी प्याला, आणि त्याच दिवशी दंगल झाली. त्या संध्याकाळी बेरीज केली असती तर सुख घटलेच असते.

‘हक्क’ या शब्दाची क्रियापदे येथे आठवावीत. हक्क सांगतात, बजावतात, गाजवतात. ती सकर्मक आहेत. त्यांना कर्ता लागतो, आणि तो कर्ता ज्याचा हक्क तोच असतो. दुसऱ्याला सुख देता येते. दुसऱ्याचा हक्क बजावता येत नाही. सामाजिक न्यायाचा विचार सुखाच्या विचारापासून जेथे फुटून निघतो, ती जागा आमच्या मते हीच आहे. आगरकरांचा जातिभेदावर रोष होता, परंतु त्यांच्या निबंधांचा बहुतेक पसारा पांढरपेशा घराच्या उंबऱ्याआतला आहे. त्या घरात देणारा व घेणारा एकाच छपराखाली असल्यामुळे सुखाच्या भाषेवर भागण्यासारखे होते. पाणवठ्यावर ते भागत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हक्काची भाषा इहवादातूनच आली. तसे सरसकट म्हणता येत नाही. जोतीराव फुले यांचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्येच, म्हणजे संमतिवयाच्या वादाच्या वर्षीच प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात ‘सत्यधर्म’ आहे, आत निर्मिक आहे, आणि तरीही स्त्री व पुरुष यांच्या समान अधिकारांचे त्यातील प्रतिपादन आगरकरांहून अधिक रोखठोक आहे. ‘धर्म’ हा शब्द टाळल्याने न्याय आपोआप साधतो, हा समज ज्यांना सोडावयाचा नाही, त्यांनी ही दोन मते एकाच वर्षात शेजारी ठेवून वाचावीत. आगरकरांनी धर्माला उद्देश्याच्या जागेवरून हलविले. फुल्यांनी त्याला तेथेच ठेवून त्याचा अर्थ पालटला. पहिला मार्ग बुद्धीला अधिक स्वच्छ वाटतो हे कबूल, पण दुसऱ्याची पोच अधिक दूर होती.

महाडचा दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचे कारण काय, तर तळ्यावरून त्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. जिंकलेल्या वाक्याचेही उद्देश्य वहिवाटच राहिले. ती सिद्ध झाली असती, तर तेवढ्याच शुद्ध वाक्यात निकाल उलटा लिहिता आला असता.

१९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील दुसरे कलम या निकालाशेजारी ठेवून पाहावे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी कोणत्याही नागरिकाला ज्या जागांच्या वापराबाबत अडविता येणार नाही, त्यांची तेथे यादी आहे. तीत वहिवाटीचा उल्लेख नाही. विहिरी आहेत, स्नानघाट आहेत, आणि तलाव आहेत.