खरखरीची बाजू

ज्याला गाता येत नाही तो गाण्याचा समीक्षक होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला समीक्षाही जमत नाही तो पुढे काय करतो, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो 'ऐकण्याची खोली' बांधतो. मी बांधली. तीही वढू बुद्रुकला.

पुण्याहून नगर रस्त्यानं कोरेगाव भीमापर्यंत यायचं आणि आत वळायचं. भीमेचा काठ, ऊस आणि शांतता. शांतता हवी म्हणून आलो. ती मिळाली, आणि तिच्यावर धूळ फुकट मिळाली. ती पुन्हा एका जातीची नव्हे. रागांना जसे ऋतू असतात तसे आमच्या धुळीलाही आहेत. बाजरीच्या मळणीला भुसा. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात, तेव्हा काजळीचे काळे पापुद्रे उडत येऊन नेमके चालू रेकॉर्डवर बसतात. चैत्रात वावटळ. आणि रस्त्याची धूळ बारमाही. भैरवीसारखी, कधीही चालते.

मी लढायचं ठरवलं. खिडक्यांना रबरी पट्ट्या, दाराला दुहेरी पडदा, उंबऱ्यापाशी ओलं पोतं. पाय धुतल्याशिवाय प्रवेश नाही. झाडू बंद, कारण झाडूनं धूळ जात नाही, नुसती बदली होते. ओल्या फडक्यानंच पुसायचं. उदबत्तीलाही मनाई, धूर होतो म्हणून. कामाला येणाऱ्या मावशी पंधरा दिवस हे निमूटपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, ह्यो देव्हारा म्हणावा तर उदबत्ती न्हाई, आन् खोली म्हणावी तर चप्पल न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, एवढं अवडंबर कशाला? तर एलपी रेकॉर्डची खाच जेमतेम केसाएवढी असते. तिच्यात धुळीचा कण म्हणजे पायवाटेत धोंडा. पिन त्याला ठेचकाळते आणि ऐन समेवर 'टक्' होतं. त्यातून प्लॅस्टिकच्या तबकडीला कोरड्या हवेत स्थिर वीज धरते. कोरड्या फडक्यानं जितकं प्रेमानं पुसाल तितकी धूळ जास्त ओढली जाते. संसारात ज्याला समजूत घालणं म्हणतात, त्यासारखाच हा प्रकार आहे.

जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डींचं शास्त्र निराळं. त्या लाखेच्या. एका हितचिंतकानं सांगितलं, स्पिरिटनं पुसा, लख्ख होतात. मी पुसली. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे मला पुसून झाल्यावर आठवलं. एक नाट्यपद मी असं कायमचं पॉलिश केलेलं आहे.

त्या दुःखात मी ह्या रेकॉर्डी कशाच्या बनतात ते वाचायला बसलो आणि हबकलोच. लाख म्हणे नुसती बांधून ठेवायला, तीही निम्म्याहून कमी. बाकी सगळी दगडाची भुकटी, रंगाला काजळी. भुकटी घालायची तीही मुद्दाम! तिच्यावर घासून पोलादी पिन खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणूनच तर दर बाजूला पिन बदलायची. म्हणजे मी पापुद्रा-पापुद्रा वेचत होतो ती काजळी आणि ओल्या फडक्यानं टिपत होतो ती धूळ, दोन्ही आधीच आत होत्या, त्यांच्यावरच गाणं कोरलेलं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं रेकॉर्ड दिली, तेव्हापासून साठएक वर्षं आपलं गाणं ह्या भुकटीत साठलं.

तरीही माझी भक्ती ढळली नाही. उलट मी एक पाऊल पुढे गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन', माझ्याकडे जुन्या रेकॉर्डवर होती. खरखर इतकी, की पाहुणे आधी गॅसवर कढईत काही आहे का ते बघून येत. तीच एका कंपनीनं यंत्रानं 'स्वच्छ करून' काढलेली सीडी मी आणली. निर्मळ! खाटेखालीसुद्धा धूळ नाही असं गाणं. मी धन्य होऊन ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी वर्तमानपत्र वाचतोय.

शेजारचे तात्या अधूनमधून येऊन बसतात. पंचाहत्तरी पार, गाण्यातलं काही कळत नाही असं स्वतःच सांगतात. समीक्षकाला ही पात्रता क्वचितच असते. ते रोज सकाळी छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीवर जातात आणि तिथली चिमूटभर माती कपाळाला लावून येतात. त्या दिवशी तसेच आले. पाय धुतले, ओल्या पोत्यावर पुसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, कपाळाचं तेवढं पुसून घेता का? मशीनवर झडेल."

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. १६८९ पासून ह्या गावानं जी माती जपली ती मी फडक्यानं टिपायला निघालो होतो. मी सीडी लावली, दुसरं काय करणार?

ती संपल्यावर तात्या म्हणाले, "सर, ह्यो बाबा पेटीत बसून गातोय का?"

मी मुकाट्यानं जुनी रेकॉर्ड लावली. खरखर सुरू झाली. तात्यांनी मान वर केली. "पाऊस लागलाय त्याच्याकडं," ते म्हणाले. आमच्या शिरूर तालुक्यात ह्यापेक्षा मोठी दाद नाही.

आणि त्या पावसात खाँसाहेबांचा आवाज आला. बारीक, उंच, थोडा अनुनासिक, तारेसारखा. मोकळा ठसठशीत आवाज नव्हेच तो. त्याचं सगळं सामर्थ्य स्वराच्या टोकाला असलेल्या धारेत. नेमकी ती धार वरच्या पट्टीत राहते, आणि खरखरीचा मुक्कामही तिथेच. यंत्राला शेजारी ओळखता येत नाहीत. ते सरसकट चाळच पाडतं. म्हणून सीडीत स्वर आहे, पण स्वर सोडताना जो श्वास रेंगाळतो तो नाही. ओळ संपते आणि एकदम पोकळी येते, दिवे गेल्यासारखी. रेकॉर्डवर ओळ संपते ती पावसात विरत. 'चैन नाही' हे ज्यात सांगायचं आहे ते गाणं इतकं चैनीत ऐकवू नये, असं माझं मत झालं आहे.

धुळीची वकिली मी करत नाही. 'टक्' काढावंच, ते लक्षाला चिमटा काढतं. पण अखंड खरखर कान आपण होऊन अर्ध्या मिनिटात बाजूला सारतो, आणि कानाला परत हवं ते परत आणता येतं. यंत्रानं कापलेलं मात्र कायमचं जातं, माझ्या नाट्यपदासारखं. हीच ठुमरी लहानपणी एका दुकानात वाजताना ऐकली आणि असं गायला शिकायचं ह्या ध्यासानं घर सोडलं, असं भीमसेन जोशींबद्दल सांगतात. अकरा वर्षांचं पोर १९३३ साली बाहेर पडलं. त्या दुकानाला रबरी पट्ट्या असतील असं वाटत नाही.

अर्थात पट्ट्या मी काढल्या नाहीत. त्यांना पैसे पडले आहेत. दार मात्र उघडं ठेवतो, आणि बाहेर मावशी संध्याकाळी सडा टाकतात. धूळ बसवायचा ह्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला कुठल्याही हायफायच्या पुस्तकात सापडलेला नाही.

त्या दिवशी तीन मिनिटांत रेकॉर्ड संपली. तात्यांच्या कपाळावर माती तशीच होती. चिमूटभर खाली सांडलीही असेल. मी पाहिलं नाही.

"मागल्या अंगाला काय हाय?" तात्यांनी विचारलं.

मी तबकडी उलटली आणि पिन बदलली.