यंदा कुठला साचा?

हमरापूरच्या ज्या कारखान्यात आमचा गणपती सांगितलेला असतो, तिथे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने रबरी साचे एकावर एक रचून ठेवलेले आहेत. प्रत्येकावर मार्करने नाव लिहिलेलं: मल्हार, बाहुबली, पुष्पा. यंदा पुष्पाच्या साच्यात मांजरीने पिल्लं घातली होती.

ही चळत म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या करमणुकीची बखरच. 2014 साली झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली, आपल्या अलिबागचा देवदत्त नागे खंडोबा झाला आणि पेण तालुक्यातले गणपती भंडाऱ्याने पिवळे होऊन बसू लागले. मग ‘बाहुबली’चे दोन भाग आले, 2015 आणि 2017 मध्ये. गणपतीला छाती आली, दंड आले, खांद्यावर शिवलिंग आलं. पोट मात्र कसंबसं राहिलं. 2022 मध्ये ‘पुष्पा’चा वाकडा खांदा आणि ‘आरआरआर’मधला धनुर्धारी राम चरण एकाच हंगामात उतरले. 2024 ला अयोध्येचा रामलल्ला. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पाखंड दिसत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातही गणपतीला पुढाऱ्यांचे वेष चढलेच होते.

मला कुतूहल आहे ते कारखानदाराच्या हिशेबाचं. नवं मॉडेल घडवायचं म्हणजे आधी चांगला मूर्तिकार गाठायचा, त्याच्याकडून मातीत मूळ मूर्ती करून घ्यायची, तिच्यावरून साचा काढायचा. त्या साच्यातून मूर्ती निघत जातात तसं रबर सैल पडतं, सोंडेच्या वळ्या बुजतात, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसू लागतात. मग साचा बाद. त्यात फिल्मी मॉडेलचं आयुष्य एखाददुसऱ्या मोसमाचं. उलट ‘लालबाग’, ‘दगडूशेठ’, ‘टिटवाळा’ या बैठका वर्षानुवर्षं चालतात. साचा झिजला तर त्याच रूपाचा नवा करतात. म्हणून शहाणा कारखानदार शंभर मॉडेलांत पाच-सात फिल्मी ठेवतो. पानात डाव्या बाजूला लोणचं असतं तेवढंच त्यांचं स्थान.

जगभरच्या करमणूक धंद्याने नेमकं उलटं केलं. त्यांनी लोणच्याचंच जेवण केलं.

मार्व्हल 2009 मध्ये डिस्नेने विकत घेतली, सुमारे चार अब्ज डॉलरना. त्यानंतरची दहा वर्षं मी मार्व्हलच्या चित्रपटांचा चाहता होतो, हे कबूल करायला हरकत नाही. एका सिनेमातलं पात्र दुसऱ्यात डोकावतं, शेवटच्या नामावलीनंतर पुढच्याची चाहूल लागते, ही गंमत कीर्तनकाराने आख्यान ऐन रंगात थांबवून उद्या यायला सांगावं तशी होती. 2019 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ने पावणेतीन अब्ज डॉलरहून जास्त धंदा केला आणि तिथे आख्यान संपलं. संपलं हे प्रेक्षकांना कळलं, कंपनीला कळलं नाही. चित्रपटांच्या जोडीला ओटीटीवरच्या मालिका आल्या, एक पाहायला तीन पाहणं भाग पडू लागलं आणि 2023 चा ‘द मार्व्हल्स’ त्या सगळ्या मालेत सर्वांत कमी कमाईचा ठरला. अति झाल्याने लक्ष पातळ झालं, हे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच त्या वर्षी मान्य केलं. सोंडेच्या वळ्या बुजल्या होत्या, साचा मात्र कुणी बदलला नव्हता.

आपल्याकडेही हे नवं आहे असं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड यांच्या जिवावर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीस पुस्तकं सायकल दामटत राहिला. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (1993) तर उघडउघड अमेरिकन चकी बाहुलीवर बेतलेला. पण रामदास पाध्यांच्या हातातल्या बाहुलीला दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मिळाला, आणि आज रोह्यातल्या पोराला तात्या विंचू ठाऊक असतो, चकी नसतो. उसन्या साच्यात आपली माती घातली की असं होतं. वीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग थ्रीडीत आला. त्यात खोली फक्त चष्म्यातून दिसली.

मराठीत अलीकडे खऱ्या अर्थाने मालिकापट चालवला तो दिग्पाल लांजेकर यांनी. ‘शिवराज अष्टक’ म्हणून आठ चित्रपटांचा संकल्प, 2018 च्या ‘फर्जंद’पासून. यातला ‘पावनखिंड’ (2022) मला सर्वांत उजवा वाटतो, कारण तिथे गोष्ट एका रात्रीत आणि एका खिंडीत कोंडलेली आहे. बाकीच्यांत तोच ढोल, तीच घोषणा, तोच संथ गतीने उडणारा मावळा. महाराजांच्या नावापुढे समीक्षक बिचकतात, मीही बिचकतो. पण ज्या जिल्ह्यात रायगड आहे तिथल्या माणसाने तरी म्हणायला हवं की आदर आणि पटकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘टाइमपास’च्या तिसऱ्या भागाबद्दल फार लिहीत नाही. पहिल्याने जे कमावलं त्याच्या व्याजावर तो जगला.

अपवाद सांगायचा तर ‘मुंज्या’. आदित्य सरपोतदार हा मराठी दिग्दर्शक, चित्रपट हिंदी, साल 2024. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे भूत आमच्याकडे प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. आजी-पणजीच्या धाकाचा तो भाग. ‘स्त्री’पासून सुरू झालेल्या भूतपटांच्या मालिकेत त्याला ओढून घेतलं गेलं. मला भीती होती की कोकण केवळ मागच्या पडद्यासारखं लटकवलं जाईल. तसं झालं नाही. सुहास जोशींची आजी, समुद्राकाठचं ते झाड, लग्नासाठी हट्ट धरून बसलेलं पोरकट भूत, हे सगळं मुळातून आलेलं आहे. चित्रपट उणा पडतो तो शेवटी, पुढच्या भागांना गाठ मारायची म्हणून पाहुणा येतो तिथे. वाडीतल्या भुताला मुंबईहून बोलावणं आल्यासारखं वाटतं.

आता खिशाची गोष्ट.

रोह्याहून सुटलेली मेमू निडी, नागोठणे, कासू करत पेणला येईपर्यंत कॉलेजची पोरं मोबाइल आडवा धरून बसलेली असतात. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, तर त्याची ‘मॅक्स’ आवृत्ती राहिली. ‘पबजी’ 2020 च्या सप्टेंबरात गेली, 2021 च्या जुलैत ‘बीजीएमआय’ या नावाने परतली, मध्ये दहा महिने पुन्हा गायब होऊन 2023 मध्ये परत आली. गोळीबार फुकट असतो. पैसे पडतात ते कपड्यांना, बंदुकीच्या रंगाला, नाचाच्या एका अदेला. आणि ते रुपयांत दिसत नाहीत. आधी रुपये देऊन ‘डायमंड’ किंवा ‘यूसी’ घ्यायचे. हवी ती वस्तू मिळेल इतकेच डायमंड सहसा मिळत नाहीत. थोडे उरतात किंवा थोडे कमी पडतात, म्हणून पुन्हा घ्यावे लागतात. त्यातही हवा तो पोशाख थेट विकत मिळेलच असं नाही, चक्र फिरवायचं आणि नशीब काढायचं. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पैसे घेऊन उघडायच्या नशीबपेट्या जुगारात मोडल्या. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण चक्र फिरवून शर्ट जिंकायचं दुकान चालूच आहे. त्यात पैसे परत मिळण्याची आशाच नसते, म्हणून तो जुगार नाही, असं ते तर्कशास्त्र!

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत अशाच एका खेळात आईच्या फोनवरून साडेतीन हजार घालवले, एकोणपन्नास आणि एकोणनव्वद रुपयांच्या हप्त्यांनी. बँकेचे मेसेज येत होते. ताईला वाटलं रिचार्जचे असतील. कशासाठी एवढे, विचारलं तर त्याने पंख दाखवले. पाठीला लावायचे, जांभळे, पेटते. आणि तो मोसम संपला की तेच पंख लावलेला पोरगा जुनाट ठरतो. ‘बीजीएमआय’ आली तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती: दिवसाला 7000 रुपये. ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी पेणच्या बाजारात एकदा शाडूच्या मूर्तीचा भाव विचारायला हवा होता.

गंमत अशी की हिरे पेणमध्येही चिकटवतात. मुकुटाला, कंठ्याला, सोंडेवरच्या पट्टीला, चिमट्याने एकेक खडा. त्याला हिरेकामच म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. धोतर नेसवायचं, फेटा बांधायचा, तर तेही वेगळे. म्हणजे वरखर्चाची कला आम्हाला नवी नाही! फरक इतकाच की इथे भाव आधी सांगतात, रुपयांत सांगतात, आणि खडा समोर चिकटवतात.

आणि आखणी फुकट असते. आखणी म्हणजे डोळे काढणं. पेणची खरी कीर्ती त्यावर उभी आहे, बाकी सगळं साच्यातून निघतं. कारागीर श्वास धरतो, बारीक ब्रशने वरची पापणी एका ओढीत काढतो, मग बुबुळ, मग त्यात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की बाहुबलीचा दंड असो की रामलल्लाचा काळा रंग, समोर गणपती बसलेला असतो. हे काम साच्यात मावत नाही, म्हणून कुणाला चोरता येत नाही. एरवी दुसऱ्याची मूर्ती विकत आणून तिच्यावरून साचा काढणारे इथेही आहेत आणि त्यावरून भांडणंही होतात.

परवा पाट द्यायला गेलो होतो. कारखानदाराची वही उघडी होती. माझ्या आधीच्या पानावर एकोणीस नावं. अकरांपुढे ‘टिटवाळा’, पाचांपुढे ‘दगडूशेठ’, दोघांपुढे ‘बालगणेश’. एका नावापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. तो माणूस कुठलासा सिनेमा येऊन चालतो का बघतो आणि मग सांगतो, असं म्हणून गेला होता.